लाकडाच्या गॅसमधलं डांबर पाण्याने धुऊन वीज करायची, हे आता थांबवायला हवं

भोसरीकर:
गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका शेडमध्ये गॅसिफायरवरचं (लाकूड कमी हवेत तापवून जळाऊ गॅस करणाऱ्या भट्टीवरचं) इंजिन उघडलं, तेव्हा मी तिथे होतो. इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळा चिकट थर बसलेला, व्हॉल्व्ह जागचा हलेना. बाहेर हौदात स्क्रबरचं, म्हणजे गॅस धुतलेलं, पाणी साठलेलं. त्याला फिनाइलसारखा उग्र वास आणि वर तेलकट तवंग.

लाकूड तापल्यावर निघणाऱ्या वाफा पूर्ण फुटल्या नाहीत की फिनॉल, नॅप्थॅलिन असली जड संयुगं गॅसमध्ये उरतात, तेच डांबर. गॅस गरम असेपर्यंत ते वाफेत असतं, थंड झाला की चिकटतं. आणि इंजिनाला गॅस थंडच द्यावा लागतो, नाहीतर सिलिंडरमध्ये पुरेसा भरत नाही. अपड्राफ्ट गॅसिफायरमध्ये (गॅस वरून निघतो) घनमीटरला साधारण 50 ग्रॅम डांबर येतं, फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (हवेने उसळत्या गरम वाळूत) 10, डाउनड्राफ्टमध्ये (गॅस खालून निघतो) 1. इंजिनाला मात्र 100 मिलिग्रॅमच्या आत हवं. म्हणजे सगळ्यात स्वच्छ गॅसही दहापट स्वच्छ करायचा आहे.

पाण्यात फिनॉल विरघळतं, जड डांबर फारसं विरघळत नाही. घाण गॅसमधून निघून हौदात येते, एवढंच. ऑस्ट्रियात ग्युसिंगला सुमारे 2 मेगावॉट विजेच्या प्रकल्पात गॅस रेपसीड तेलाच्या एस्टरने (म्हणजे बायोडिझेलने) धूत आणि खराब झालेलं एस्टर तिथल्याच भट्टीत जाळत. नेदरलँड्सच्या ओल्गा पद्धतीतही तेलच वापरतात, आणि पाण्याची वाफ थंड होण्याआधी डांबर काढून घेतात, म्हणजे डांबर-पाणी एकत्र येतच नाही. आपल्याकडे करंजाच्या तेलाचं एस्टर का वापरून पाहू नये?

जुना फिटर:
दादा, ग्युसिंगचं गणित भोसरीच्या शेडला लावू नका. तो मेगावॉटचा प्रकल्प, तुमचं इंजिन फार तर 40-50 किलोवॉटचं असेल. त्यावर तेलाचा टॉवर, हीटर, पंप लावले तर डिझेल जनरेटर स्वस्त पडेल. 11 वर्षं गॅसिफायर दुरुस्त केले आहेत. बहुतेक वेळा दोष स्क्रबरचा नव्हता, लाकडाचा होता. ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला की गॅसिफायरच्या गळ्याशी, म्हणजे आतल्या अरुंद जळत्या भागात, तापमान पडतं आणि डांबर फुटायचं राहतं. तुकडे लहानमोठे असले तर ते एकमेकांत अडकून मधे पूल बांधला जातो, लाकूड खाली सरकत नाही, तेव्हाही तेच. आधी लाकूड वाळवा, सारखं तोडा. मग भुशाचा फिल्टर लावा आणि काळा झालेला भुसा वाळवून पुन्हा गॅसिफायरमध्येच टाका.

रसायनवाली:
फिटरकाका, लाकडाबद्दल पटलं, पण पाणी तुम्ही वगळूनच टाकलंत. तेच पाणी फिरवत राहिलात तर फिनॉल साठत जातं आणि कधीतरी हौद उपसावाच लागतो. साध्या जैविक प्रक्रियेला द्यावं तर फिनॉल जास्त झालं की जिवाणूच मरतात. मग ते पाणी नाल्यात सुटतं. इंद्रायणीवरचा फेस आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्यात आपली भर नको.

तेलावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. डांबर गॅसिफायरच्या आतच उत्प्रेरकाने किंवा उष्णतेने फोडावं. डोलोमाइट (चुनखडीसारखा दगड) स्वस्त असतो, 800-900 अंशांना काम करतो, पण भुगा होऊन उडतो. निकेल जास्त चांगलं, पण गंधक आणि काजळीने निकामी होतं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या वायकिंग गॅसिफायरमध्ये लाकूड एका टप्प्यात भाजतात, निघालेल्या वाफांत थोडी हवा सोडून त्या 1100 अंशांच्या आसपास तापवतात आणि मग कोळशाच्या थरातून नेतात. गॅसमधलं डांबर इंजिनाच्या मर्यादेच्या खूप खाली येतं. मागे धुवायला फार काही उरतच नाही.

मुळशीचा शेतकरी:
वीज करायचीच कशाला? गॅस गरम असतानाच बर्नरला द्या, डांबरही जळून उष्णता देतं. फलटणच्या निंबकर संस्थेने 1990 च्या दशकात उसाच्या सुट्या पाचटावर गॅसिफायर केला, तोही उष्णतेच्या कामासाठी. साखर कारखाने बगॅस बॉयलरमध्ये जाळून टर्बाइन फिरवतात, तिथे गॅस धुवायचा प्रश्नच नाही. आमच्या पाचटाला, तुराट्यांना गुऱ्हाळात, वाळवणीत भाव मिळाला तर आम्ही शेतात पेटवणार नाही. विजेला सौर पॅनेल आहेत.

भोसरीकर:
गुऱ्हाळाला तुमचं शंभर टक्के खरं. पण रात्री पॅनेल चालत नाही, आणि 50 किलोवॉटला वाफेचं टर्बाइन परवडत नाही, लहान आकारात त्याची कार्यक्षमता फार पडते. लहान गावाला रात्रीची वीज लाकडापासून हवी असेल तर इंजिनच उरतं, म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही.

रसायनवाली ताई, वायकिंगसारखी रचना भोसरीत कोण बांधून चालवणार, ते सांगा. वेगळी तापवायची भट्टी, तिला हवेचं नेमकं नियंत्रण.

जुना फिटर:
ते नंतर. त्या शेडमधल्या लाकडाचा ओलावा मोजला का?

भोसरीकर:
आज मोजला काका. 27 टक्के. ढीग उघड्यावर होता. आता छप्पर घालतोय आणि इंजिनाची गरम धूर-नळी वाळवणीच्या खोलीतून नेतोय. तुमचा भुशाचा फिल्टरही लावतो. पण हौद बंद करायचा, हे मालकाशी पक्कं ठरलंय. त्यातलं साठलेलं काळं पाणी कुठे द्यायचं, यावर अजून कोणीच बोललं नाही. ताई, आधी तेवढं सांगा.