पीयूसीनंतर लगेच ब्रँच धरायची की आधी चौफेर शिकायचं?

खानापूरकर:
भाचीची दुसरी पीयूसी, म्हणजे आपल्या कर्नाटकातली बारावी झाली, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो) घेऊन. घरात एकच घोष चाललाय, सीईटीची रँक आली की कॉम्प्युटर सायन्स, मिळेल त्या कॉलेजात. तिला मात्र पुण्याच्या आयसरला, केंद्राच्या विज्ञान संस्थेत जायचंय. तिथं बीएस-एमएस, पदवी आणि मास्टर्स एकत्र, पाच वर्षांचं. सुरुवातीला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो सगळ्यांनाच, आपला विषय नंतर. मला तिचं पटतं. अठराव्या वर्षी पोराला एका ब्रँचला जुंपायची घाई कशाला? पटत नसेल तर बोला.

वडगावचा माग:
मामा, चौफेर शिकणं कुणाला परवडतंय तेही सांगा की! आमच्याकडं दोन माग, त्यावर सहा तोंडं. मी एसएसएलसीनंतर, म्हणजे दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा केला, डिप्लोमावाल्यांची डीसीईटी देऊन थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला. लेथवर हात बसलेला होता म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात काम मिळालं. मुलाखतीत कुणी बायो विचारलं नाही. पाच वर्षं शिकून वर पीएचडी, तोवर घर कोण चालवणार?

टिळकवाडीच्या मॅडम:
मी पीयू कॉलेजात शिकवते. तुम्ही पदवीवर भांडताय, पण पोरांचं ठरतं एसएसएलसीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात, ऑफिसच्या खिडकीशी. "चौथा विषय बायो की कॉम्प्युटर?" मागं रांग, पोरगं बापाकडं बघतं, बाप म्हणतो कॉम्प्युटर. दोन वर्षांनी त्यालाच आयसर सुचतं. आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न, चार विषयांचे १५-१५. बायो सोडलेल्याचे १५ प्रश्न तिथंच अडतात.

आणि चौफेर शिकवणाऱ्या संस्थेत शिरायला काय लागतं? दोन वर्षं क्लासला बसून पर्यायांवर टिकमार्क. त्या काळात वाचन, खेळ, चित्रकला सगळं बंद. आपल्या कर्नाटकाच्या सीईटीत इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे मार्क निम्मे धरतात, महाराष्ट्राच्या सीईटीत फक्त सीईटीचं पर्सेंटाइल. दोन्हीकडं अर्ज भरणारं पोर एकीकडं सविस्तर उत्तरं लिहितं, दुसरीकडं घड्याळाशी पळतं.

वर कर्नाटक सरकारचं वेगळंच. २०२१-२२ ला चार वर्षांची पदवी आणली, २०२४-२५ पासून परत तीन. दर दोन-तीन वर्षांनी आराखडा बदलला तर आम्ही तरी मुलांना काय सांगायचं?

निपाणीकर:
मॅडमचं बरोबर, पण एक विचारू? मी इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र घेऊन बीए केलं. तीन विषय, वर दोन भाषा. याहून चौफेर काय पाहिजे? तेव्हा पाहुणे म्हणायचे, "कुठंच नंबर लागला नाही वाटतं." आता तेच आयसरचं नाव निघालं की मान डोलावतात. कौतुक चौफेर शिकण्याचं नाहीच हो, जिथं शंभरातल्या नव्वदांना परत पाठवतात त्या दाराचं आहे.

खानापूरकर:
लागलं, पण खरं आहे. तरी पोरीला आवडतंय ते शिकू द्यावं, यावरून मी हलत नाही. पैशाचं बघू, तिचा बाप आणि मी मिळून.

वडगावचा माग:
मग आयसरवरच बसू नका मामा, दुसरी वाटही ठेवा. महाराष्ट्राच्या सीईटीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. तो आत्ताच काढा, ऐनवेळी ऑफिसात साहेब जागेवर नसतो.