गुरुवारचं पाणी आणि फीडचा रतीब

देशपांडे (बी-३०१): काल रात्रीचा ‘गुरुवारी पाणी बंद’ मेसेज वाचून चार बादल्या आणि एक पिंप भरून ठेवलं. हिने तर कुकरही सोडला नाही. आज नळाला धो धो पाणी. कुठल्या गुरुवारचा होता तो?

सेक्रेटरी: काका, आता नीट पाहिलं. गेल्या वर्षीचा निघाला. तारीख होती, वर्ष नव्हतं.

देशपांडे (बी-३०१): टाकला कोणी होता?

सेक्रेटरी: मीच. 🙏 मेव्हण्याच्या ग्रुपवरून आला होता.

अनघा (सी-७०२): म्हणून मी बातम्या फीड रीडरमध्ये वाचते. आरएसएस वापरून.

सेक्रेटरी: ग्रुपवर राजकारण नको, असं ठरलंय.

अनघा (सी-७०२): तो नव्हे हो! 😄 बऱ्याच वेबसाइट नव्या लेखांची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवतात. मथळा, तारीख, लिंक, थोडा मजकूर. ती फाइल म्हणजे फीड, आणि ती लिहायची ठरलेली पद्धत म्हणजे आरएसएस. रीडर अधूनमधून जाऊन ती बघतो आणि नवीन काही आलं असेल तर तुमच्यापुढे आणून ठेवतो. दुधाचा रतीब लावतो ना, तसंच. तुम्ही सांगितलं तेवढंच येणार आणि सांगितलं तिथूनच. साइटला ईमेल द्यायला नको, मोबाइल नंबर नको. नको झालं की रतीब बंद, कुणाला कळतही नाही. आणि काका, मथळ्याबरोबर प्रकाशनाची तारीख येते. वर्षासकट.

रोहन (ए-५०४): हे अजून चालू आहे? गूगलचा फीड रीडर होता ना, गूगल रीडर? मला वाटलं त्याच्याबरोबरच गेलं.

अनघा (सी-७०२): १ जुलै २०१३ ला रीडर गेला, फीड नाही गेल्या. दुकान बंद झालं म्हणून दूध संपत नाही. आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीत सुरू झालं, त्यात आपल्या आयआयटी मद्रासच्या रामनाथन गुहांचा हात होता. पुढे नेटस्केपच राहिलं नाही, पण हे चालूच आहे. गूगल रीडर गेला तेव्हा मी माझ्या फीडची सगळी यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या रीडरमध्ये नेली. पाच मिनिटांचं काम. रडले मात्र आठवडाभर.

सुनीताकाकू (बी-१०२): मला बाई हे जमायचं नाही. सकाळी तळजाईला चालताना पॉडकास्ट ऐकते, तेवढं पुरे.

अनघा (सी-७०२): काकू, नवा भाग आपोआप येतो ना? बहुतेक पॉडकास्ट आरएसएसवरच चालतात. तुम्ही आमच्या आधीपासून वापरताय!

सुनीताकाकू (बी-१०२): ऐका हो बी-३०१! 😎

देशपांडे (बी-३०१): ऐकलं. पण पाणी कधी बंद, ते कळेल का त्यात? तेवढं सांग.

अनघा (सी-७०२): ज्या पेपरच्या साइटला पुण्याच्या बातम्यांची फीड आहे, त्यांनी छापलं तर कळेल. फीडच नसेल तर नाही. काही साइट दोनच ओळी देतात, बाकीचं तिथे जाऊन वाचा म्हणतात. रीडर म्हणून फीडली किंवा इनोरीडर घ्या, दोन्ही फुकटात सुरू करता येतात. शोधायच्या जागी साइटचा पत्ता टाकला की फीड बहुधा आपोआप सापडते. केशरी चौकोनात पांढऱ्या कमानी, ही तिची खूण. फक्त एकदम पन्नास लावू नका. मी लावल्या होत्या. चार दिवसांत न वाचलेले नऊशे! शेवटी ‘सगळं वाचलं’ दाबून मोकळी झाले. आता चौदाच आहेत.

रोहन (ए-५०४): म्हणजे न वाचता वाचलं. आपल्या एजीएमच्या इतिवृत्तासारखं.

सेक्रेटरी: रोहन, तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे.

देशपांडे (बी-३०१): अनघा, रविवारी दहाला फोन घेऊन येतो. पासवर्ड मुलीला विचारून ठेवतो.

अनघा (सी-७०२): या काका. चहा टाकते.

देशपांडे (बी-३०१): पाणी मी आणतो. भरपूर आहे.