पंक आणि इंडी रॉक : तुमचं एक गाणं सांगा, आणि ते कुठं भेटलं तेही

माझा भाचा यंदा अकरावीला गेला. दिवाळीत साठवलेल्या पैशांतून त्यानं जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि पाडव्याला घरी आल्या आल्या विचारलं, "मावशी, मला तीनच कॉर्ड येतात. तेवढ्यात बसेल असं काय ऐकू?" (कॉर्ड म्हणजे गिटारवर एकदम वाजवायचे ठरलेले सूर.) मी एक नाव सांगितलं, मग दुसरं, तिसरं. नंतर वाटलं, माझ्या एकटीच्या ऐकण्यावर या पोराचं भागणार नाही. म्हणून हा धागा. पंक (म्हणजे साधं, वेगवान, थोड्याच कॉर्डांवर वाजवलेलं रॉक) किंवा इंडी रॉकमधलं तुमचं एक गाणं सांगा, फार तर दोन. कोणता बँड मोठा यात पडू नका. ते गाणं तुम्हाला कसल्या दिवसांत भेटलं आणि नव्यानं ऐकणाऱ्यानं त्यात कुठं कान द्यावा, एवढं लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून.

सुरुवात मी करते. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडचं 'बोरडम'.

नाशिकला आमचा छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांची कामं. शाळेतून आल्यावर छपाईचे अक्षरांचे खिळे सोडवून पुन्हा खणात लावायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे छापलेली कुठलीही वस्तू हातात आली की ती कुणी, कशी छापली हे आधी बघायची सवय लागली. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या भावानं इंग्लंडहून 'स्पायरल स्क्रॅच' ही बझकॉक्सची चार गाण्यांची तबकडी आणली होती, 'बोरडम' त्यातलंच. मागच्या बाजूला प्रत्येक गाण्याखाली छापलं होतं, हे कितव्या टेकला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कितव्या प्रयत्नात झालं आणि वर काही भरलं की नाही. पहिला टेक, तिसरा टेक. इतका सरळ हिशेब मी कुठल्याच रेकॉर्डवर पाहिला नव्हता. या मुलांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच काढलेल्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच छोट्या रेकॉर्ड कंपनीतर्फे, १,००० प्रती छापल्या. मोठ्या कंपनीच्या दारात गेलेच नाहीत.

आता कान कुठं द्यायचा? मधल्या गिटारच्या तुकड्याकडे. बँडच्या गिटारवाल्या पीट शेलीनं तिथं दोनच सूर वाजवलेत. तेच दोन, पुन्हा पुन्हा, एखादी मोटार दूर कुठं तरी वाजत राहावी तसे. गाणं कंटाळ्याविषयी आहे आणि गिटारही तेच सांगते. ज्याला तीन कॉर्ड येतात त्याच्याकडे या तुकड्याला लागतं त्याहून जास्तच भांडवल आहे.

दादर

ताई, तुमच्या भाच्याला आधी रामोन्स हा न्यूयॉर्कचा पंक बँड ऐकवा. सगळं तिथून सुरू करा.

आमच्या वेळी धोबी तलावाचं रंगभवन होतं. उघड्यावर, रात्रीच्या वेळी, इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवाला घामानं निथळत उभे असायचो. तिथं वाजायचं ते बहुतेक हेवी मेटल. लांब केस, लांब सोलो. मला ते जमत नसे, बोटं तेवढी चालत नसत. मग एकदा काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात रामोन्सची पहिली रेकॉर्ड कॅसेटवर मिळाली. १९७६ ची, १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. ध्वनिमुद्रणाचा खर्च साधारण ६,४०० डॉलर, म्हणजे त्या काळच्या मानानं किरकोळ. दादरहून लोकल सुटली की माटुंगा रोडला थांबेपर्यंत एक गाणं संपायचं. 'ब्लिट्झक्रीग बॉप' नेमकं तेवढंच आहे, दोन मिनिटांच्या थोडंसं वर.

आणि ही युक्ती लिहून घ्या, पोराच्या कामाची आहे. त्या रेकॉर्डवर बास (खालच्या सुरांची गिटार) एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला ठेवलीय. उजव्या कानातला इयरफोन काढला की गिटार जवळजवळ गायब होते आणि डावीकडे बास उरतो. त्या बासवर आपण गिटार धरायची. मी असाच शिकलो, चाळीतल्या गच्चीच्या जिन्यात बसून. त्यांच्या गिटारवाल्या जॉनी रामोनचा उजवा हात फक्त वरून खाली मारतो, खालून वर येताना तारेला लागत नाही. करून बघा. पहिल्या गाण्याला मजा येते, तिसऱ्याला मनगट भरून येतं, सहाव्याला कळतं की हे 'सोपं' म्हणणाऱ्यांनी कधी हातात गिटार धरलेली नाही.

लेस्टर, इंग्लंड

मी मूळची सांगलीची. १९९७ च्या शेवटी लग्न होऊन इथं आले. स्वयंपाकघरात नवऱ्याचा जुना रेडिओ होता, तो दिवसभर चालू ठेवायचे, घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. फेब्रुवारी १९९८ मधली गोष्ट. कणीक मळत होते. रेडिओवर एक इंग्रजी गाणं लागलं आणि त्यात 'आशा' ऐकू आलं. वाटलं, भास झाला. पुन्हा आलं. मग 'लता' आलं. मी कणकेचे हात तसेच घेऊन रेडिओपुढे उभी राहिले.

कॉर्नरशॉप या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' होतं ते. तजिंदर सिंग गातो. आपल्या आशाताई भोसल्यांवर लिहिलेलं गाणं त्या महिन्यात इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. गाण्यात येणारं 'फोर्टीफाइव्ह' म्हणजे ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी, तिच्यात आशा काठोकाठ भरलेली आहे, असा त्याचा अर्थ. आशा नावाचाही आणि आशा शब्दाचाही. सांगलीत जन्मलेल्या बाईचं नाव, सांगलीच्याच दुसऱ्या एकीला, परक्या देशातल्या चौथ्या महिन्यात असं ऐकू यावं! त्या दिवशी मी आईला फोन केला आणि रिसीव्हर रेडिओजवळ धरला. गाणं तोवर संपून गेलं होतं, पण आई म्हणाली, "तू रडू नको, मला कळलं."

यादीत वर गेलेलं रूप डीजे नॉर्मन कुकनं वेग वाढवून केलेलं आहे. तुम्ही मूळचं ऐका, 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' या आल्बमवरचं. ते संथ आहे. दुपारी कुणी तरी कपाट उघडून जुन्या तबकड्या काढून बसावं तसं.

नागपूर

मायनर थ्रेट या बँडचं 'स्ट्रेट एज', १९८१. ४६ सेकंद.

इंजिनीअरिंगला हॉस्टेलवर होतो. पहिल्या वर्षी रोज रात्री कुणी तरी ग्लास पुढं करायचं आणि नाही म्हटलं की, "काय बे, आईनं सांगितलं का?" मला दारू नको होती, बस. त्याला कारण पण नव्हतं. सिनिअरच्या कॉम्प्युटरवर हे गाणं सापडलं. त्यांचा गायक, वॉशिंग्टनचा इयान मॅकाय ओरडून सांगतो की नशेपेक्षा मला करायला बरंच काही आहे. तिथल्या क्लबात अल्पवयीन पोरांच्या हातावर काळी फुली मारत, बारवाल्यानं दारू देऊ नये म्हणून. ती फुली या पोरांनी स्वतःहून मिरवली. मी पण मार्करनं मारून मेसमध्ये गेलो होतो. कुणाला काही कळलं नाही. मला कळत होतं.

याच मॅकायचा पुढचा बँड फुगाझी. 'वेटिंग रूम' ऐका, १९८८. बास सुरू होतो, सगळे आत येतात आणि अचानक सगळं थांबतं. चिडीचूप. त्या शांततेत पुढचा ठोका कुठं पडणार हे अंगाला माहीत असतं, तरी दचकायला होतं. यांनी वर्षानुवर्षं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि सगळ्या वयाच्या पोरांना आत घेतलं.

मिरज

मी व्हायोलिन शिकवते. आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची दुकानं. भोपळा वाळतोय, कुणी जवारी काढतंय, दिवसभर तार छेडल्याचा आवाज. अशा ठिकाणी वाढलेल्या कानाला बेसूर सहन होत नाही. तशी शिकवणच असते.

जेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीनं रेनकोट्स या बँडचं 'फेअरीटेल इन द सुपरमार्केट' मला ऐकवलं, तेव्हा मी अर्ध्यात बंद करायला सांगितलं. गाणारी एकीकडे, ढोल दुसरीकडे, आणि व्हायोलिन किरकिर करतंय. ती मुलगी गप्प बसली. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा तेच लावलं आणि म्हणाली, "बाई, फक्त गज ऐका." मी फक्त व्हायोलिनचा गज ऐकला.

आणि मग मला त्यातली मेहनत दिसली. त्यांची व्हायोलिनवाली विकी ॲस्पिनॉल रीतसर शिकलेली वादक आहे. बाकीच्या मैत्रिणींना वाद्य हातात घेऊन फार दिवस झाले नव्हते. तिनं त्यांच्यावर कुरघोडी केली नाही. गज तारेवर दाबून, खरडून, मध्येच एकाच सुरावर लांबवून ती त्यांच्या डगमगत्या लयीला खालून आधार देते, तंबोऱ्यानं द्यावा तसा. लय एकीची पुढं गेली की दुसरी थांबते, तिला घेते, मग सगळ्या मिळून निघतात. शिकलेल्या माणसानं न शिकलेल्यांबरोबर कसं वाजवावं, हे मला चाळीस वर्षं कुणी दाखवलं नव्हतं. हल्ली नवीन मुलांबरोबर बसते तेव्हा मी माझा आवाज लहान करते.

लंडनच्या या बायकांची पहिली तबकडी १९७९ ची, रफ ट्रेड या लेबलनं काढलेली. पुढं बँड मोडला, रेकॉर्ड मिळेनाशी झाली. १९९२ मध्ये निर्वाणा या बँडचा कर्ट कोबेन ती शोधत लंडनमध्ये फिरला आणि त्यांच्यातली ॲना दा सिल्व्हा जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करत होती, तिथं जाऊन पोचला. पुढच्या वर्षी ती गाणी पुन्हा बाजारात आली. माझ्या विद्यार्थिनीपर्यंत ती त्याच वाटेनं आली असणार.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं एकदाच ऐकून ठरवू नये. आठवडा जाऊ द्यावा.

मावशी (धागा काढणारी)

मिरजेच्या बाई, तुमचं लिहिणं भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याच्या दोस्ताची बहीण व्हायोलिन शिकते, तिला बोलावू का, असं त्यानं लगेच विचारलं.

एकांनी विचारलंय, इंडी म्हणजे नक्की काय. मूळ अर्थ एवढाच की मोठ्या कंपनीऐवजी स्वतंत्र, लहान लेबलवर काढलेलं संगीत. वर आलेलं रफ ट्रेड तसंच, आणि मॅकायनं मित्राबरोबर चालवलेलं डिस्कॉर्डही. पुढं त्या नावाची एक गायकीच तयार झाली आणि मोठ्या कंपन्याही ती विकू लागल्या. मला स्वतःला पहिला अर्थच महत्त्वाचा वाटतो.

मुंबई, आता बंगळूर

अंडरटोन्स, 'टीनेज किक्स', १९७८.

जानेवारी १९९३ मध्ये मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या भागात संचारबंदी. बाबा दाराला आतून कडी लावून खुर्ची टेकवून बसत. दिवे बंद. मी गोधडीत शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन पडायचो. बीबीसीच्या जागतिक सेवेवर जॉन पीलचा कार्यक्रम लागायचा, खरखरीत बुडालेला. त्यातून या बँडचं नाव कळलं. गाणं पूर्ण ऐकलं ते बऱ्याच वर्षांनी.

ही मुलं उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची. रस्त्यावर सैनिक, बॉम्ब, नाकाबंदी. आणि ती गातात कशावर, तर गल्लीतली एक मुलगी आवडते यावर. काही लोक त्यांना त्याबद्दल दोष देत. मला त्या रात्रींनंतर कधीच देता आला नाही. बाहेर जाळपोळ चालू असताना मी खालच्या मजल्यावरच्या मुलीचाच विचार करत होतो, ती घरी सुखरूप आहे ना, याचा. पीलला हे गाणं इतकं आवडलं की त्यानं रेडिओवर ते लागोपाठ दोनदा लावलं. त्याच्या थडग्याच्या दगडावर याच गाण्यातली ओळ कोरलीय.

गायक फीअर्गल शार्कीच्या आवाजातला कंप ऐका. सबंध गाणं त्या कंपावर उभं आहे.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

लेक नऊ वर्षांची असताना शाळेत तिच्या डब्याच्या वासावरून कुणी तरी बोललं. तिनं थालीपीठ न्यायचं बंद केलं. कारण तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. चूक माझीच.

त्यानंतर २०२१ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाचनालयात लिंडा लिंडाज या बँडच्या मुलींनी 'रेसिस्ट, सेक्सिस्ट बॉय' वाजवलेलं आम्ही दोघींनी व्हिडिओवर पाहिलं. मागं पुस्तकांची कपाटं आणि ढोलांमागं दहा वर्षांची मिला. गाण्याआधी ती सांगते, वर्गातला एक मुलगा म्हणाला की बाबांनी चिनी लोकांपासून लांब राहायला सांगितलंय. मी चिनी आहे म्हटल्यावर तो मागं सरकला. एवढं सांगून ती काठ्या उचलते. लेकीनं ते तीनदा लावलं आणि मग डब्याची गोष्ट सांगितली. आता ती ड्रम शिकते. तबल्याचा क्लासही चालू आहे, सरांनी दोन्ही कर म्हटलंय.

पुणे

इतक्या गोंगाटात एक हळुवार नाव. आमच्या पुण्यातलाच बँड, द ईझी वाँडरलिंग्ज. रात्री घाटातून गाडी चालवत येताना लावा.

ठाणे

मी परिचारिका आहे, मनोरुग्ण विभागात. माउंटन गोट्स या बँडचा गायक जॉन डार्नियलही कॅलिफोर्नियात हेच काम करायचा. हे वाचलं आणि मग त्याची गाणी ऐकायला लागले.

आधी 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' हा आल्बम ऐका, २००२ चा. घरातल्या पॅनासॉनिकच्या टेपरेकॉर्डरवर, त्याच्याच माइकसमोर बसून गायलेला. टेपची चाकं फिरल्याची घरघर सबंध आल्बमभर आहे. रात्रपाळीला औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक वाजतं आमच्याकडे, साधारण तसाच आवाज. नंतर 'धिस इयर', २००५. सतरा वर्षांचा मुलगा, घरात मारणारा सावत्र बाप, आणि काही झालं तरी हे वर्ष काढायचंच असा हट्ट. गाणं उड्या मारत जातं, पियानो आनंदानं वाजतो, म्हणून जास्त लागतं.

आमच्याकडे एक मुलगा होता, साधारण त्याच वयाचा. ओळी मराठीत सांगितल्या त्याला. तो काही बोलला नाही. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं केस पेपरच्या मागं त्या गाण्याचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं.

मावशी (धागा काढणारी)

यादी आता मोठी झालीय, भाच्यानं वहीत उतरवून घेतलीय. दादरचे काका, तुमची इयरफोनची युक्ती पहिल्या रात्रीच करून झाली. मनगट तिसऱ्याच गाण्याला भरून आलं, अगदी तुम्ही म्हणालात तसं. रविवारी दोस्त आणि त्याची बहीण येणार आहेत. छापखान्याची जुनी खोली मोकळी आहे, तिथं बसा म्हटलंय. खोलीत ट्रेडल अजून आहे. त्यावर ॲम्प ठेवता येतो, बसतो अगदी बरोबर.