'नळ आले' चूक कसं?

संत्र्याचा मळा (वरूड तालुका): सातवीतल्या पोरीनं निबंधात लिहिलं, 'सकाळी नळ आले म्हणून शाळेत उशीर झाला.' बाईंनी खोडून 'नळाला पाणी आले' केलं, अर्धा मार्क कापला. बाई साताऱ्याकडच्या. आमच्याकडे 'नळ आला' म्हणजे जोडणी मिळाली, 'नळ आले' म्हणजे पाणी सुटलं. 'नळ फुटला' तर रस्त्यातला पाइप, आणि हातानं फिरवायची ती तोटी. कोणाचा कधी घोटाळा होत नाही. मग खोडलं कशाला?

निवृत्त गुरुजी: बाईंचं बरोबर. नळ भिंतीत पक्का, तो येणार कुठून? ओट्यावर बोला, निबंधात नको.

आर्वीकर: गुरुजी, लक्षणेला, म्हणजे शब्दाचा सरळ सोडून जवळचा अर्थ घ्यायचा त्याला, 'बाबा ताटावर बसले' हे उदाहरण तुम्हीच शिकवता ना? आधी बाबांना ताटावरून उठवा.

वऱ्हाडी ठेचा: काहून भांडता बाप्पा! आमच्या गावात चौथ्या दिवशी नळ. माय वरडली, 'नळ आले वं!' का सारी गल्ली गुंड-घागरी घेऊन पळते. लाईन गेली म्हणतो तवा तार काय खांब सोडून जाते?

पाणी समितीतली: कौतुक पुरे. या शब्दानं आम्हीच फसलो. वस्तीत पाइप आले, तोट्या बसल्या, पाणी नाही. सभेत म्हटलं, 'नळ आले नाहीत.' उत्तर मिळालं, 'ताई, आलेत की, मोजून घ्या!' काय बोलणार? जलजीवन मिशनचं मापही माणशी रोज 55 लिटर पाण्याचं आहे, नुसत्या तोट्यांचं नाही. अर्जात, ठरावात 'पाणी' लिहायलाच पाहिजे.

निवृत्त गुरुजी: हेच म्हणत होतो.

पाणी समितीतली: नाही गुरुजी, तुम्ही व्याकरण म्हणत होता. आणि दमयंती आपल्या विदर्भाचीच की. तिचा नळ बाहुक सारथी होऊन दारात आला, तर रूपावरून ओळखू येईना. दासीनं पाहिलं, यानं नुसतं बघितलं तरी रिकामे घडे भरतात. तिथून तिचा संशय पक्का होत गेला. आमचे घडे अजून रिकामेच आहेत.

आर्वीकर: हा मुद्दा भारी. पण तो ठरावाला, निबंधाला नाही.

संत्र्याचा मळा: ताई, मान्य. ग्रामपंचायतीच्या अर्जात 'पाणी' लिहीन. पोरगी मात्र अर्ज लिहीत नव्हती, उशिराचं कारण सांगत होती. अर्धा मार्क मागायला सोमवारी शाळेत जातोच.