मदत हवी आहे: टीबीच्या चाचणीत एक गाय पॉझिटिव्ह, एक अधांतरी, आणि खोकणारी मात्र निगेटिव्ह

गोठेकरी:
नमस्कार मंडळी. गोठ्यात १८ मोठी जनावरं, ५ कालवडी. मानेवर दोन टोचण्यांची ट्युबरक्युलिन (क्षयजंतूपासून काढलेलं प्रथिन) चाचणी झाली, ७२ तासांनी मोजणी झाली. वरची टोचणी एव्हियन (पक्ष्यांच्या क्षयजंतूची), खालची बोव्हाइन (गाईंच्या क्षयजंतूची). टोचण्याआधीची आणि नंतरची कातडीची जाडी मिलिमीटरमध्ये:

क्र. ४ (वय ९ वर्षं): वर ७ ची ८, खाली ७ ची १४.
क्र. ११ (७ महिन्यांपूर्वी विकत आणलेली): वर ७ ची ९, खाली ७ ची १२.
क्र. ७ (२० दिवसांपूर्वी व्यायली, खंगत चाललीय, पहाटे उठताना खोकते): दोन्हीकडे ७ ची ७ च.

बाकी जनावरांत फरक नाही. ११ सुटली समजायची का? ७ चा खोकला साधाच का? ४ वर औषध चालेल का? दुधाचं काय करायचं? आणि रोग आत आला कुठून? मला ११ चा संशय आहे.

पशुवैद्य:
आधी गणित. खालच्या वाढीतून वरची वाढ वजा करा. ४ चे ७ वजा १, म्हणजे ६. फरक ४ मिमीच्या वर गेला की पॉझिटिव्ह. ११ चे ५ वजा २, म्हणजे ३. १ ते ४ च्या मधलं जनावर संशयित धरतात. सुटलेलं नव्हे. मातीतले निरुपद्रवी जंतू किंवा जोन्सचा आजार (क्षयाच्याच कुळातल्या जंतूमुळे होणारा आतड्याचा रोग) असेल तर वरची टोचणीही फुगते, म्हणून तर दोन टोचायच्या.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ११ ची खालची गाठ कशी लागत होती ते सांगा. हरभऱ्यासारखी टणक, कडा स्पष्ट, दाबल्यावर गाय मान काढून घेत नाही, असं असेल तर ती संशयितच. सूज पिठाच्या गोळ्यासारखी पसरलेली, गरम, दुखरी असेल, किंवा वर पाणी सुटलं असेल, तर फरक ३ असला तरी पॉझिटिव्ह धरायची.

मला सगळ्यांत जास्त काळजी ७ ची वाटते. व्याल्यानंतर चार ते सहा आठवडे ही चाचणी दबते. रोग फार पुढे गेला तर अंग टोचणीला उत्तर देणंच सोडून देतं, आणि असलीच गाय जंतू जास्त उधळते. कॉर्टिकोस्टिरॉइड (सूज उतरवणारं औषध) दिलं असेल तरी हेच होतं. तिचं शून्य म्हणजे ‘निरोगी’ नाही. तिला आजच वेगळी बांधा आणि गॅमा इंटरफेरॉनसाठी (रक्तातल्या पेशी क्षयजंतूला ओळखतात का ते बघणारी चाचणी) रक्त पाठवा. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्या, बर्फात ठेवू नका, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा; त्या चाचणीला पेशी जिवंत लागतात.

औषध नको. अनेक महिने अनेक औषधं द्यावी लागतात, ती दुधात उतरतात, आणि गाय वरून सुधारलेली दिसली तरी जंतू सोडत राहते. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याची भीती. ४ चा निर्णय तुमच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून, नियमाप्रमाणे घ्या. ती गेल्यावर घशामागच्या आणि फुप्फुसांमधल्या लसिका ग्रंथी चिरून बघायला सांगा. पिवळट, चुऱ्याच्या पनीरसारखा भरणा आणि चिरताना सुरी करकरली, तर चित्र बरंच स्पष्ट होतं. नमुना मात्र तरीही प्रयोगशाळेत जायला हवा.

गोठेकरी:
गाठ हरभऱ्यासारखीच होती, गरम नव्हती. म्हणजे ११ संशयित. पुन्हा चाचणी कधी?

पशुवैद्य:
किमान ४२ दिवसांनी, बरेच जण ६० धरतात. त्याआधी टोचलं तर पहिल्या टोचणीने कातडी थकलेली असते आणि खोटं निगेटिव्ह येतं. मोजणारा माणूस आणि कॅलिपर तेच ठेवा, टोचण्याआधी केस कापून जिथे मोजलं, तीच जागा नंतर वाचा. तोवर ११ कळपाबाहेर.

काळी_कपिला:
रोग कुठून आला, यावर थोडं. गोठेकरीदादा, ११ ला लगेच दोषी धरू नका. बाहेरून आणलेलं जनावर हा मोठा धोका खराच, पण टीबी वर्षानुवर्षं दबून राहतो. वय वाढेल तशी लागण होण्याची संधी वाढते, त्यामुळे ४ आधीपासूनच बाधित असू शकते. आणि गाठ किती मोठी यावरून रोग किती जुना ते ठरत नाही.

मोठ्या जनावरांत लागण मुख्यतः श्वासातून होते. म्हणून मी आधी गोठ्याची हवा बघेन. पहाटे आत शिरल्यावर डोळे चुरचुरत असतील, छताला पाण्याचे थेंब लोंबत असतील, तर हवा हलत नाहीये. गव्हाणीवर नाकाला नाक लागेल इतकी दाटी नको. पाण्याचा हौद सामाईक असेल तर पाणी वेगवेगळं द्या. शेळ्या, म्हशी एकत्र असतील तर त्यांचीही चाचणी हवी. शेजारच्या कळपाबरोबर एकच कुरण असेल, तर तुमची चाचणी करून काम अर्धंच झालं.

माणसंही तपासा. दूध काढणाऱ्याला जुना खोकला असेल तर त्याच्याकडून गाईला आणि गाईकडून त्याला, दोन्ही वाटा आहेत. डॉक्टरांना ‘गोठ्यात टीबी आहे’ असं आवर्जून सांगा. बोव्हिस जंतूवर (गाईंच्या क्षयाचा जंतू) पायराझिनामाइड हे टीबीचं नेहमीचं औषध चालत नाही, त्यामुळे औषधयोजना बदलते.

दूध: ४ आणि ७ चं माणसांसाठी नको, सामाईक कॅनमध्ये तर अजिबात नको. ११ चंही निकाल लागेपर्यंत बाजूला. उरलेलं नीट उकळूनच, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, ६३ वर असेल तर ३० मिनिटं. कच्च्या दुधाचं दही-लोणी बंद. वासरं विसरू नका, त्यांना दुधातूनही होतो. ७ चं वासरू आईपासून तोडा, त्याला निगेटिव्ह गाईचं दूध उकळून, कोमट करून पाजा.

गोठेकरी:
७ चं वासरू तिच्याखालीच होतं, आज तोडलं. तिची जागा कशाने धुवायची? आमच्याकडे कास पुसायचं क्वाटर्नरी अमोनियम हे जंतुनाशक आहे.

काळी_कपिला:
ते या जंतूवर भरवशाचं नाही, त्याचं आवरण मेणचट असतं. फिनॉलवर्गातलं, लेबलवर क्षयाच्या जंतूचा उल्लेख असलेलं घ्या. आधी शेण ओलं करून खरवडा, कोरड्या शेणावर जोराचा फवारा मारलात तर तुषार तुमच्याच नाकात जातील, मास्क लावा. मग साबणाने धुवा, आणि नंतर औषध लेबलवर दिलेला वेळ ओलं राहू द्या. शेणावर ब्लीचिंग ओतण्यात अर्थ नाही, त्याची ताकद शेणातच संपते. सावलीतल्या ओल्या शेणात हा जंतू महिनोनमहिने टिकतो, उन्हात लवकर मरतो. म्हणून शक्य असेल तर तेवढ्या भागाचं छप्पर उघडून ऊन आत घ्या. त्या जागेचं शेणखत कुरणावर टाकू नका.