मदत हवी आहे: छर्‍याच्या डब्यावर बीसी ०.०२४, माझ्या मोजणीत ०.०१८. चूक कुठे?

नमस्कार मंडळी,

एअर रायफलच्या छर्‍याचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे बीसी (छर्रा हवेत वेग किती टिकवतो याचा आकडा; जितका जास्त तितका वेग टिकतो), स्वतः मोजून पाहिलेलं इथे कोणी आहे का? मी मुलुंडचा. रायफल ४.५ मिमी, स्प्रिंगची. क्लबच्या उघड्या रेंजवर ४० मीटरला आडवा वारा असला की छर्रा मार्गाचा हिशेब करणारं अ‍ॅप सांगतं त्याहून जास्त सरकतो. आधी वाटलं, ट्रिगर दाबताना माझाच हात हलत असेल. सरकणं नेहमी वाऱ्याच्याच दिशेला होतंय हे कागद जपून ठेवल्यावर कळलं, तेव्हा मोजायचं ठरवलं.

डब्यावर वजन ८.४ ग्रेन आणि बीसी ०.०२४ छापलाय. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी मोजणीच चुकलेली असू शकते आणि तेच तपासून हवंय. वजन बरोबर आहे. झवेरी बाजारातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वीस छर्रे तोलले, सरासरी ५४४ मिलिग्रॅम.

क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) एकच, तोही मित्राचा. नळीच्या तोंडापासून १ मीटरवर ठेवून १० छर्रे मारले, मग तोच २१ मीटरवर नेऊन १०, आणि परत जवळ आणून १०. शेवटचे दहा अशासाठी, की मधल्या वेळात रायफलचाच वेग उतरला असेल तर कळावं. उतरला नव्हता. जवळची सरासरी सेकंदाला २४० मीटर, लांबची २०८. डब्यावरचा आकडा खरा असता तर लांब साधारण २१५ दिसायला हवे होते. उलटा हिशेब केला की जी१ (बीसी काढताना तुलनेला धरतात तो प्रमाण गोळा) प्रमाणे ०.०१८ येतो.

पहिल्या दिवसाचे आकडे मी फेकून दिले. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली मोजलं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ फसतो. वरचे आकडे दुसऱ्या दिवशीचे, ढगाळ उजेडातले.

आता माझी मुख्य शंका. यंत्र एक टक्का जास्त दाखवत असेल तर ते दोन्हीकडे दाखवेल, दोन वेगांचं गुणोत्तर तेच राहील. पण दोन सरासऱ्यांच्या फरकात सेकंदाला २ मीटरची चूक असली तर बीसी ६ टक्क्यांनी हलतो. माझी तफावत २५ टक्क्यांची आहे. एवढी कुठून येईल?

हवेवर ढकलावं तर ती उलट्या बाजूला जाते. मोजणी जुलैतली: ३० अंश, आर्द्रता ८० टक्के, दाब १००५ हेक्टोपास्कल. पावसाळ्यात हवा अंगाला जड वाटते खरी, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. त्या दिवशी घनता घनमीटरला १.१४ किलो निघाली. १५ अंशाची प्रमाण हवा १.२२५ असते. ती धरून हिशेब केला असता तर बीसी ०.०१९ दिसला असता. दुरुस्ती केली आणि आकडा आणखी खाली गेला.

४० मीटरला या दोन बीसींमुळे उंचीत जेमतेम ७ मिलिमीटरचा फरक पडतो, २० मीटरला झिरो केलं असेल, म्हणजे नेम तिथे जुळवला असेल, तर. त्यासाठी मी धागा काढला नसता. पण सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा असेल तर सरकण्यात २ सेंटिमीटरचा फरक पडतो. मला कागदावर दिसत होतं ते हेच.

कंपनीने कुठल्या वेगाला मोजलं हे डब्यावर नाही. जी१ चा प्रमाण गोळा १ इंच जाड आणि १ पौंडाचा, आपला छर्रा कमरेत बारीक. दोघांचा अवरोध वेगाबरोबर सारखा बदलत नाही, म्हणून वेग न सांगता दिलेला बीसी अर्धवटच. पण त्यानेही २५ टक्के?

प्रतिसाद (पुण्याहून): मोजणीत मला खोट दिसत नाही. नळीकडे बघा. छर्रा सैल बसत असेल तर बाहेर पडताना डगमगतो आणि वेग लवकर घालवतो. त्याच डब्यातले छर्रे दुसऱ्या रायफलमधून मारून बघता येतील का? माझ्याकडे पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) आहे आणि क्रोनोग्राफही.

धागाकर्ता: मनापासून आभार. छर्रा हाताने बसवताना अगदी सहज जातो हे खरं, त्याचा विचारच केला नव्हता. त्याच डब्यातले ५० कुरिअरने पाठवतो, स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, चेपू नये म्हणून कापसात गुंडाळून. वेग जमेल तेवढा २४० जवळ ठेवा. एक विनंती: दाब हवामानाच्या अ‍ॅपमधून घेऊ नका. तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. मुंबईत त्याने बिघडत नाही, पण पुणे साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि तिथली हवा सहाएक टक्के विरळ. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर थेट त्याचा आकडा लिहून ठेवा, तापमानासकट. तुमच्याकडे ०.०२४ आला तर दोष माझ्या नळीचा धरेन आणि इथेच तसं लिहीन.