चीन फक्त ठरावीक खेळांतच?

कुणीतरी म्हटलंय की चीनची ऑलिंपिक पदकं म्हणजे डायव्हिंग, टेबल टेनिस आणि वेटलिफ्टिंग, बाकी काही नाही. मला हे आता अजिबात पटत नाही. २०२४ला पॅरिसमध्ये डायव्हिंगची आठही सुवर्णं त्यांनी नेली हे खरं, पण पोहण्याचं काय? पान चान्लेने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत मारली, थेट विश्वविक्रम! त्याहून भारी पुरुषांची ४ बाय १०० मेडले रिले, म्हणजे चार जण चार वेगवेगळ्या प्रकारांनी प्रत्येकी १०० मीटर पोहतात ती सांघिक शर्यत. तीही चीननेच जिंकली. त्याआधी अमेरिका ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पोहली, तिथे ती कधीच हरली नव्हती. शेवटच्या टप्प्यात चीन मागे असताना पान पाण्यात उतरला आणि सगळ्यांना गाठून पुढे गेला. अंगावर काटा आला बघताना! शिवाय टेनिसमध्ये महिला एकेरीचं सुवर्ण जिंकणारी झेंग चिनवेन. एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण त्याआधी आशियात कुणालाच मिळालं नव्हतं.